शांत पडलेली रेघ

बेंगळुरू
५ डिसेंबर २०२४

प्रिय कारभारी मामा,

नमस्कार. सोबतचा खोका समर्थदादाच्या नावावर पाठवलाय, पण आतलं सगळं तुमचं आहे. दोन पट्ट्या आहेत. एक डाव्या हाताला कोपराच्या वर बांधायची, दुसरी डाव्या पोटरीला. आतल्या बाजूला चांदीसारख्या टिकल्या दिसतील, त्या कातडीला नीट टेकल्या पाहिजेत. आंघोळीला आणि झोपताना काढायच्या. बाकीचं रुपालीवहिनीला फोनवर समजावलंय.

तुम्ही म्हणाल, ही काय नवीन भानगड. जूनमध्ये तुमच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून डावा हात वाकून छातीशी येतो, मूठ वळते, पाय लाकडासारखा ताठतो. मेंदूच्या हातातला लगाम सुटला की स्नायू आपल्याच मनानं आवळतात. याला आम्ही स्पास्टिसिटी म्हणतो. डॉक्टर ती कशी बघतात हे तुम्हाला माहीत आहे. कोपर झटकन सरळ करतात, मधे कुठं अडकतंय ते बघतात आणि कागदावर आकडा टाकतात. पण ती दवाखान्यातली पाच मिनिटं झाली. उरलेला महिनाभर घरी तो हात काय करतो, हे कोणालाच माहीत नसतं. स्नायू आवळला की त्यात बारीकशी वीज खेळते. ती या पट्टीला कळते आणि इथं ऑफिसात माझ्यासमोर पडद्यावर रेघ होऊन उमटते. आमचा या पट्ट्यांवर अभ्यास चालू आहे. हाताला स्नायू सैल करायचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे तुमचे डॉक्टर उन्हाळ्याच्या आधी ठरवणार आहेत. माझा अहवाल त्यांना उपयोगी पडेल.

अडचण एवढीच, की रेघ वर गेलेली मला दिसते, का गेली ते दिसत नाही. थंडीनं जाते, दुखल्यानं जाते, माणूस चिडला तरी जाते. म्हणून त्या त्या दिवशी काय झालं ते मला लिहून कळवा. फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि लगेच वहिनीच्या हातात देता. का देता ते मला कळतं. पण उजवा हात धड आहे, आणि आई गेल्यानंतर मला हॉस्टेलवर पत्रं लिहिणारे तुम्ही एकटेच होतात.

वाट बघते.
मोनिका

*

सावेडी
१४ डिसेंबर

मोने,

खोका पोचला. रुपालीनं पट्ट्या बांधल्या तवा बाजाराला न्यायच्या बैलाला सजवत्यात तसं वाटलं. आवळत न्हाईत, खाज येत न्हाई.

लिहायला सांगितलंस ते बरं केलंस. कागदावर मी अजून मीच हाय. तोंडातनं शब्द बाहेर पडला की तो माझा ऱ्हात न्हाई. जीभ जड झालीया. मी पानी मागतो, रुपाली "काय?" म्हनते. परत मागतो, परत "काय?" मग हातानं दाखवतो. सून चांगली हाय, तिची चूक न्हाई. पन मी घोडेगावच्या बाजारात जलमभर हेडी म्हनून उभा ऱ्हायलो. घेनाऱ्याच्या आन विकनाऱ्याच्या मधी पडून सौदा जुळवायचा, तर आवाजच पायजे. ह्या टोकाला मी बोललो की त्या टोकाच्या म्हशी माना वर करायच्या. त्या मानसाला आता "काय?" म्हनून विचारत्यात.

समर्थ सकाळीच सुप्याला कंपनीत जातो. रुपाली स्कूटीवर पतसंस्थेत. मग तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट दिवसभर माझा. खिडकीतनं समोरच्या बंगल्याची पान्याची टाकी दिसते आन खाली लावलेल्या गाड्या. कोपऱ्यावर टपालपेटी हाय. लिफ्ट चालू असली की काठी घेऊन तितपर्यंत जाऊन येतो. तेवढाच माझा बाजार.

पन काळजी करू नको. हितं मानसं येत-जात असत्यात. बाजारातला माझा जोडीदार इब्राहिम, तोबी येतो म्हनालाय.

तुझा मामा

*

बेंगळुरू
२७ डिसेंबर

प्रिय मामा,

तुमचं पत्र ऑफिसात आलं. इथं कोणाला पत्र येत नाही, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं.

पट्ट्या छान काम करताहेत. सकाळी थंडीत हात जास्त आवळतो, दुपारी सैल पडतो. चालायला उठलात की पोटरीची रेघ चढते, बसलात की उतरते. सगळं अपेक्षेप्रमाणे. फक्त १८ तारखेचा बुधवार मला कळत नाही. दुपारी हात आणि पाय दोन्ही एकदम चढले आणि बराच वेळ खालीच आले नाहीत. तेवढा वेळ तुम्ही एका जागी उभे होतात असं दिसतं. पडला नाहीत ना? कुठं दुखलं का? वहिनीला विचारलं तर तिला काहीच माहीत नव्हतं.

नक्की कळवा. त्या दिवशीची रेघ बघून मला दुसरं काम सुचत नव्हतं.

मोनिका

*

सावेडी
४ जानेवारी २०२५

मोने,

पडलो न्हाई. त्या बुधवारी इब्राहिम आलता.

पिशवीभर बोरं घेऊन आला. दोघं बसलो. श्रीगोंद्याच्या त्या पाहुन्याची गोष्ट काढली. म्हैस घ्यायला आलता, सारखा इचारायचा, "शांत हाय का? मारत तर न्हाई?" इब्राहिम म्हनाला, "मालक, हिच्यापुढं बाळ निजवा." पाहुना खाली वाकून कास बघाया लागला, तर म्हशीनं त्येचं मुंडासंच तोंडात धरलं आन चघळत उभी ऱ्हायली. पाहुना वरडतोय, "सोड, सोड!" आन इब्राहिम शांतपनी सांगतोय, "बघा, मारती का?"

हसता हसता माझा हात आपोआप वर छातीला येऊन बसला. हसायला म्हनून उभा ऱ्हायलो तो तसाच. तुझ्या पट्टीला तेच दिसलं असंल.

आता तो येत जाईल. तू आपलं काम बघ.

मामा

*

बेंगळुरू
१० फेब्रुवारी

प्रिय मामा,

म्हशीची गोष्ट मी आमच्या मीटिंगमध्ये सांगितली. इंग्रजीत सांगताना मुंडाशाला शब्द सापडेना, तरी सगळे हसले. हसण्यानं, जांभईनं आखडलेला हात वर येतो हे पुस्तकात असतं, पण घरच्या घरी, मित्राबरोबर बसलेल्या माणसाच्या हातावर ते मोजलं गेलं म्हणून सरांना फार आवडलं. त्या रेघेवर मी "हसणं" असं लिहून ठेवलंय.

खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटला. माझ्या खोलीवर कोणी येत नाही. रविवारी दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. संध्याकाळी दुकानात दूध मागते तेव्हा स्वतःचाच आवाज ऐकून दचकते. सोमवारी ऑफिसात आले की पहिल्यांदा तुमची रेघ उघडते. इथं तेवढीच ओळखीची.

आणि आता चांगली बातमी. गेल्या महिनाभरात हाताची रेघ खाली खाली येत चाललीय. आवळणं कमी झालंय, एकदम वर जाणंही थांबलंय. इब्राहिमचाचांच्या येण्याचा गुण म्हणायचा. मी तसा अहवाल तुमच्या डॉक्टरांना पाठवला. इंजेक्शन सध्या थांबवायला हरकत नाही असं त्यांनीही कळवलंय. सुई टळली, मामा!

तुमचं पत्र मात्र बऱ्याच दिवसांत नाही.

मोनिका

*

सावेडी
२२ फेब्रुवारी

मोने,

पत्र मिळालं. सुई टळली ते बरं झालं.

हितं सगळं ठीक. रोज टपालपेटीपर्यंत जातो. इब्राहिम येतो, बसतो, जातो. बोलनं हुतं. रेघ शांत हाय म्हंजे मीबी शांत हाय.

तुझ्या खोलीवर कुनी येत न्हाई हे वाचून वाईट वाटलं. घरमालकिनीशी बोलत जा.

पट्ट्या अजून किती दिवस बांधायच्या?

मामा

*

बेंगळुरू
१९ मार्च

प्रिय मामा,

काल रुपालीवहिनीचा फोन आला होता. ती रडत होती. तुमच्या खोलीत काही दिवस कसला वास येतोय हे तिला कळत नव्हतं. परवा तिनं तुमची मूठ उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा बोटं उघडेनात. नखं तळव्यात रुतून जखम झालीय. ती तशीच तुम्हाला घेऊन दवाखान्यात गेली म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू आखूड होऊन बसलेत. आता मूठ पूर्ण उघडणं अवघड आहे.

मामा, ही माझी चूक आहे. पट्टी स्नायूतली वीज मोजते. वीज कमी झाली, मी आनंदले. पण जो हात कोणी ताणत नाही, जो कशाला लावला जात नाही, तो तसाच वळलेला पडून राहतो आणि हळूहळू तेवढाच होतो. मग वीज नसली तरी तो सुटत नाही. हे मला शिकवलेलं होतं. तरी मी हाताची रेघ तेवढी बघत राहिले, पोटरीची उघडलीच नाही. काल उघडली. जानेवारीच्या मध्यापासून तुम्ही जवळजवळ चाललेलाच नाही. पलंगापासून मोरीपर्यंत आणि परत. टपालपेटीपर्यंत तर एकदाही नाही. मग पत्रं कोण टाकत होतं? वहिनी म्हणाली, तिच्या पर्समध्ये ठेवायचात.

मी तुम्हाला रागावत नाहीये. पण त्या बुधवारची रेघ मी पुन्हा बघितली. हसणाऱ्या माणसाचा हात आवळतो आणि सुटतो, पुन्हा आवळतो आणि सुटतो. तुमचा एकदा आवळला तो सुटलाच नाही.

इब्राहिमचाचा येतात का, मामा? मी त्यांना पत्र लिहिलंय. समर्थदादाकडून पत्ता घेतला. तुम्हाला न विचारता लिहिलं, तेवढं पोटात घाला.

मोनिका

*

घोडेगाव
२८ मार्च

बेटी मोनिका,

तुझं पत्र मिळालं. रोजे चालू हायेत, दुपारी काम कमी असतं, म्हनून निवांत लिहितो. तू आता मोठी साहेब झालीस. सुट्टीत आलीस की माझ्या टेम्पोत पुढं बसायला भांडायचीस ते मला आठवतंय.

तू इचारलंस म्हनून खरं तेच लिहितो. मी सावेडीला एकदाच गेल्तो. डिसेंबरात, बुधवार हुता. तुझ्या शरिफाचाचीनं बोरं दिलती. तीन मजले चढून गेलो, लिफ्ट बंद हुती. बेल वाजवली, दार वाजवलं, हाका मारल्या. "कारभारी, अरं मी इब्राहिम, दार उघड." आतनं काठी टेकल्याचा आवाज आला. मग दाराच्या आतल्या अंगाला कुनीतरी उभं हाय असं वाटलं, श्वास ऐकू येत हुता. मी बराच वेळ थांबलो. दार उघडलं न्हाई. बोरं कडीला अडकवून खाली आलो.

त्याच्या आदी लई फोन केलते. तो कट करायचा. मला वाटतं तो माझ्यावर नाराज हाय, आन त्याचं चुकत न्हाई. बाजारात लिंबाखाली आमच्या दोघांची जागा. तो गेल्यावर एकट्याला रेटत न्हाई म्हनून मी कानिफनाथ म्हनून एका पोराला जोडीला घेतलं. ते कुनीतरी त्याच्या कानावर घातलं असनार. जीता मानूस घरात असताना त्याच्या जागेवर दुसरा बसवला. मला असं केलं असतं तर मीबी दार उघडलं नसतं.

तू लिहितीस, की मी येतो, बसतो, जातो असं तो तुला कळवतो. हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं, परत उचललं. नाराज मानूस असं कशाला लिहील?

इब्राहिम

*

बेंगळुरू
४ एप्रिल

प्रिय इब्राहिमचाचा,

ईद मुबारक, उशिरा का होईना.

मामा तुमच्यावर नाराज नाहीत. ज्या माणसावर ते रागावले असते, त्याच्याबरोबर हसल्याची गोष्ट त्यांनी मला इतक्या प्रेमानं लिहिली नसती. कारण दुसरं आहे, आणि ते मी सांगते कारण ते स्वतः कधी सांगणार नाहीत. त्यांचं बोलणं बिघडलंय. शब्द घसरतात, समोरच्याला कळत नाहीत. फोन कट करतात तो त्यामुळे. तुम्ही त्यांचा तो आवाज ऐकावा हे त्यांना सहन होत नाही. बाकी कोणी ऐकला तर चालेल, तुम्ही नको.

त्या दुपारी ते दाराआड उभे होते. किती वेळ, ते माझ्याकडे आहे. त्यांचा हात आणि पाय तुमच्या पहिल्या हाकेला आवळले आणि तुम्ही गेल्यावरही सुटले नाहीत.

पुन्हा एकदा जाल का? दार उघडलं नाही तर मला रागावा, त्यांना नको.

मोनिका

*

बेंगळुरू
२१ एप्रिल

प्रिय मामा,

१२ तारखेच्या शनिवारी रेघ कागदाबाहेर जाईल इतकी चढली. सरांनी बघितली आणि म्हणाले, या पेशंटची तब्येत बिघडलीय, चौकशी कर. मी म्हणाले, मला माहीत नाही, विचारते. आधी वाटेल ते लिहून मोकळी झाले होते. या वेळी त्या रेघेवर मी काहीच लिहिलेलं नाही.

सुरुवातीला बराच वेळ ती वरच आहे. नंतर मात्र चढते आणि उतरते, चढते आणि उतरते, दुपारभर.

अभ्यासाची मुदत या महिनाअखेर संपतेय. पट्ट्या वहिनीकडून परत पाठवा. मे महिन्यापासून सकाळी मी कोणाची तरी दुसऱ्याची रेघ उघडेन. त्या माणसाला मी ओळखत नाही. इंजेक्शनचं डॉक्टरांनी ठरवलं असेल तर आता घ्या, मामा. हात पहिल्यासारखा होणार नाही हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण आहे त्याहून सुटेल.

मला खरं लिहा. वाईट असलं तरी चालेल.

मोनिका

*

सावेडी
८ जून

मोने,

पट्ट्या पाठवल्या. पत्राला उशीर केला कारन ह्या वेळी जे घडलं तेच लिहायचं हुतं आन ते घडायला वेळ लागला.

डिसेंबरातलं आदी लिहितो. इब्राहिमनं हाक मारली, मी दाराशी गेलो, कडीला हात लावला. तोंडात "आलो" शब्द तयार केला. तो कसा बाहेर पडंल ते मला आतच ऐकू आलं. हात खाली आला. तो गेल्यावर बोरं आत घेतली आन कुनाला दिसू नयेत म्हनून रुपाली यायच्या आत एकट्यानं खाल्ली. मग तू इचारलंस तवा, जे व्हावं वाटत हुतं ते लिहिलं. पुढं खरं सांगनार हुतो. पन तू लिहिलंस की तुझ्याकडं कुनी येत न्हाई. माझ्याकडंबी कुनी येत न्हाई असं तुला कुठल्या तोंडानं लिहू? निदान एकाच्या घरी तरी मानूस येतंय असं तुला वाटू दे, म्हटलं. टपालपेटीचंबी तसंच. एकदा खाली गेलो, लिफ्टमधी एका बाईनं कितवा मजला इचारलं. मी सांगितलं. तिला कळंना. ती घाबरून आक्रसून उभी ऱ्हायली, दारुड्याजवळ उभी ऱ्हाती तशी. त्यानंतर उतरलो न्हाई.

आता बारा तारीख. दुपारी दारावर थाप पडली. "कारभारी, मी हाय. तू आत हायस मला ठाऊक हाय. बोलू नको. मी हितं पायरीवर बसतो."

बसला आन बोलत ऱ्हायला. बाजार कसा पडलाय, कुनाची गाय व्याली, शरिफाचा गुडघा कसा दुखतो. ईद हुऊन गेली तरी तिनं माझ्यासाठी परत शीरखुर्मा केलाय आन तो डब्यात गार हुतोय. मी आतनं दाराला खांदा लावून उभा. पाय असा ताठलेला की वाकवता येईना, पन त्याच पायावर उभा हुतो. तो सैल असता तर खाली बसलो असतो आन उठता आलं नसतं.

जरा वेळानं म्हनाला, "लिंबाखालच्या जागेवर मी त्या कानिफनाथाला बसवला म्हनून तू मला तोडलंस का?"

मला ठाऊकच नव्हतं. एवढे महिने हा मानूस असं धरून बसलाय! कडी काढली आन म्हटलं, "कसली जागा?"

तो म्हनाला, "काय?"

परत म्हटलं. परत "काय?" मी उजवा हात उचलला, खुनेनं सांगायला. त्यानं तो हात धरून खाली केला. म्हनाला, "हातानं नको. तोंडानं सांग. मला कुठं जायाचंय? टेम्पो खाली सावलीत लावलाय."

मग मी सांगितलं. एक एक शब्द, वझं उतरवावं तसा. त्याला कळायला दुपार गेली. मधी काहीबाही भलतंच ऐकायचा. मी म्हटलं "राग न्हाई", तर त्याला "वाघ न्हाई" ऐकू आलं. "वाघ कशाला असंल सावेडीत?" म्हनाला. तवा हसलो, मोने. हात येऊन छातीला धडकला, सुटला, परत धडकला. तुझ्या त्या रेघेवर आता काय लिहायचं ते लिही.

पन सगळं गोड झालं असं समजू नको. मे महिन्यात एका शुक्रवारी त्येनं मला टेम्पोत घालून बाजाराला नेलं. लिंबाखाली खुर्ची टाकली. मानसं आली, पाया पडली, "बरं हाय का?" म्हनाली आन माझं उत्तर निघायच्या आत पुढच्या दावनीला गेली. एक जुना व्यापारी माझ्यासमोरच इब्राहिमला इचारतो, "ह्यांना आता कळतं का सगळं?" तो कानिफनाथ पोरगा चांगला हाय, आवाज खनखनीत हाय. त्यानं सौदा जुळवला तवा मला माझंच काहीतरी कुनी उचलून नेल्यासारखं झालं. दुपारी मीच म्हटलं, घरी चल. परत जाईन, पन दर शुक्रवारी न्हाई. बाजाराच्या ऐन मधी बसून एवढं एकटं वाटलं तेवढं ह्या फ्लॅटात कधी वाटलं न्हाई.

इब्राहिम महिन्यातनं दोनदा येतो. दूध घालायच्या फेरीवर असला की पाच मिंटं फोन करतो, मी पाच शब्द बोलतो. बाकीचा दिवस तसाच हाय. समर्थ म्हनला, गावाकडं ऱ्हाता का? मी न्हाई म्हटलं. तितंबी दुपार असतेच की.

इंजेक्शन घेतलं. दोन ठिकानी टोचलं. मग हाताला साच्यासारखा प्लास्टिकचा पट्टा बांधून ठेवला, दर आठवड्याला मूठ थोडी थोडी उघडत. डॉक्टर म्हनले, ह्या हातानं तुमी काही धरू शकनार न्हाई, ती आशा ठेवू नका. मी मान हलवली. घरी येऊन रडलो, ते तुला लिहितो, बाकी कुनाला ठाऊक न्हाई. तुझ्यावर राग न्हाई. तुझ्या रेघेला मी खोटं सांगितलं, तिनं ते मुकाट ऐकलं. तू मात्र त्येच्यासाठी झुरत बसू नको. रविवारी इब्राहिमच्या घरच्या पोरीला, फलकला फोन कर. ती तिकडंच कॉलेजात आलीया, तुझ्यासारखीच खोली करून ऱ्हाती. नंबर खाली लिहिलाय.

काल पहिल्यांदा मूठ एवढी उघडली की आत पानी गेलं. रुपालीनं कोमट पान्याचं घमेलं मांडलं, समोर खाली बसली आन माझा हात मांडीवर घेतला. इतक्या महिन्यांनी मी माझा तळवा बघितला. पांढरा पडलाय, कातडी जुन्या भिजल्या कागदासारखी, नखांच्या खुना अजून हायेत. तिनं बोटांच्या मधनं फडकं फिरवलं, हळू, एक एक करून. वास गेला. पानी गढूळ झालं तसं तिनं ते बदललं.

"दुखतंय का, अण्णा?" तिनं इचारलं.

मी म्हटलं, "न्हाई. धू."

तिनं वर बघितलं न्हाई, "काय" म्हनाली न्हाई. धूत ऱ्हायली.

तुझा
कारभारी मामा